उशीवरचे शंख

तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये माझ्या ताईच्या सुनेनं, कौमुदीनं, सोफ्यावर नव्या उश्या मांडल्या. त्यांच्यावर जुन्या पुस्तकात असतात तसे गोल शंख छापलेले, करोडो वर्षांपूर्वी दगड झालेले. ताईचे गुडघे गेलेले. बिचारी सोफ्यावर टेकायला गेली, तर कौमुदी म्हणे, "मम्मी, केसांचं तेल लागेल ना. तुम्ही स्टुलावर बसा."

माझं टाळकंच सरकलं. जिनं घर उभं केलं, तिले तिच्याच घरात स्टूल! पण भांडलो असतो, तर मी गेल्यावर ताईलेच ऐकावं लागलं असतं. म्हणून चहा पिता पिता पुडी सोडली.

"काहून वं कौमुदी, असं चक्र तर शाळिग्रामात असते, हे तर शाळिग्राम दिसून राहिले. साक्षात विष्णू. सोफ्यावर ठेवतात का? देवघरात ने त्यायले."

"मामाजी, मैं ये सब नहीं मानती," कौमुदी हसली.

पुढच्या रविवारी गेलो, तर उश्या सोफ्यावरच, अन् ताई स्टूल सोडून खाली फरशीवर बसलेली.



"तूही खाली बस रे," मले म्हणे, "देवाच्या बरोबरीनं बसतात का?"