आतली कडी

शिपायांना दाराशी ठेवून पोलीसप्रमुख एकटाच सुताराच्या घरात आला, थेट कपाटासमोर उभा राहिला. परक्यांच्या राज्यात याच कपाटामागच्या पोकळीत सुताराने त्याला अकरा दिवस लपवलं होतं. आज तिथे सुताराची लेक होती. “दादा,” पोलीसप्रमुख म्हणाला, “पोरीच्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य माझंच आहे. आत बसून लिहिलेलं.” “मग तिचा गुन्हा काय?” “एवढाच, की आता राज्य आपलं आहे.” पोलीसप्रमुखाने कपाट उघडून मागच्या फळीवर टकटक केली: दोनदा, थांबून एकदा. फळी आतूनच उघडायची. “उघडू नकोस!” सुतार ओरडला, पण आवाज आतबाहेर जाऊ नये म्हणून त्यानेच फळीला आतून जाड गादी ठोकली होती, आत पोचायची ती फक्त टकटक. अशी टकटक म्हणजे आपलं माणूस, हे लेकीला त्यानेच शिकवलं होतं. कालच तेल दिलेली आतली कडी अलगद सरकली.