मानाची जोडी

गावची गुरं जमतात त्या आखरावर तोरण बांधून गाव थांबलं होतं. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जायची ती जागेश्वरची, चार पिढ्यांचा मान. पण तीन दिवसांपूर्वी त्याच्या सुनेला, रुखमाला, सातव्या महिन्यातच झटके आले आणि ती बाळंत झाली. घरात सोयर. सोयर असलेल्यानं तोरणाला शिवायचं नसतं, म्हणून पुंडलिकरावांनी आपली जोडी पुढे आणून ठेवली होती. त्यांना मानाची हौस दांडगी.

तेवढ्यात घुंगरं वाजली. जागेश्वर येत होता. एका हातात बैलांचा कासरा, छातीवर जुन्या लुगड्यानं घट्ट बांधलेलं गाठोडं.

गाठोड्यात नात होती. नाल्याला पूर, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला एस.टी. बंद. आंधळगावहून चिखल तुडवत आलेली नर्सबाई सांगून गेली होती, की पोरीला अंगाची ऊब कमी पडू देऊ नका. रुखमाची शुद्ध येत-जात होती. पोरीचा बाप धनीराम तिच्या उशापासून हलेना, आणि सासू केव्हाच देवाघरी गेलेली. मग म्हाताऱ्यानंच सदरा काढला. तीन दिवस नात त्याच्या उघड्या छातीवर होती, कापसाच्या बोळ्यानं आईचं दूध चोखत होती.

लोक बाजूला सरले. डफडं थांबलं.

"जागेश्वरभाऊ, कायले जिद करून राहिला?" पुंडलिकराव म्हणाले. "आज सोयर आहे, उद्या सुतक येईन."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. नुसता मान असता तर त्यानं सोडलाही असता. पण आज घरी बसणं म्हणजे नात जगणार नाही असं कबूल करणं होतं.

तोरणाखाली झडती म्हणायची रीत आहे. दोन ओळी एकानं ललकारायच्या, गावानं महादेवाचं नाव घेऊन साथ द्यायची. जागेश्वरनं मोकळा हात वर केला.

"मुठीएवढी नात माही, बांधली छातीले,
बाराव्या दिवशी बारसं, या सारे भाताले!"

लोकांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पण जन्माची सवय. झडती संपली की तोंडं आपोआप उघडतात.

"हर हर महादेव!"

पुंडलिकरावही ओरडले, मग ओशाळले. जोडी तोरणाखालून गेली. पलीकडे जागेश्वर थांबला, लुगड्याचं टोक उचलून आत डोकावला आणि गावाकडे वळला.

"हळू बोंबला," तो म्हणाला. "झोपली आहे ते."