तिसरी पक्षकार

“मलाही या दाव्यात घ्या,” मागच्या बाकावरून अक्का उभी राहिली, आणि थोरल्या भावाची पाण्याची बाटली तोंडाशीच थांबली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण कोण?”

“या दोघांची मोठी बहीण. बेकरी आमच्या वडिलांची. दोघांनी वाटणी मागितली, पण मलाही बाप होता हे कुणी लिहिलंच नाही.”

थोरल्याने नजर वळवली, तर समोर धाकटा. त्याने लगेच मान फिरवली. वडील गेल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. बोलायचं ते वकिलांमार्फत. कोर्टाने बेकरीला सील ठोकलं, भट्टी गार पडली, कामगार दुसरीकडे लागले. तरी कुणी हटायला तयार नव्हतं. अक्का मात्र यात कधी पडली नव्हती. ती दोघांकडे जायची, दोघांचं रडगाणं ऐकायची आणि काही न बोलता घरी परतायची.

अक्काच्या वकीलबाईंनी अर्ज वाचून दाखवला. अक्काला पक्षकार करून घ्यावं. तिला तिसरा हिस्सा द्यावा. आणि बेकरीचे तुकडे पडण्यापेक्षा ती जागेसकट विकून टाकावी.

विकून टाकावी! थोरल्याने आपल्या वकिलाची बाही ओढली.

दोन्ही भावांचे वकील एकदमच उठले. दावा एवढा पुढे गेल्यावर तिऱ्हाईताला आत कसं घ्यायचं, अशी दोघांचीही हरकत.

“मुलगी तिऱ्हाईत कशी?” न्यायाधीश म्हणाले. “वारस आहेत त्या. त्यांना वगळून दिलेला निकाल टिकेल का? खरं तर पहिल्याच दिवशी पक्षकार करायला हवं होतं.” अर्ज मंजूर झाला.

थोरला बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. थोड्या वेळाने धाकटाही आला. दुसरा बाक रिकामा नव्हता. तो त्याच बाकाच्या पार टोकाला टेकला.

“विकायला निघाली,” थोरला समोरच्या भिंतीला म्हणाला.

“अक्का असं करेल वाटलं नव्हतं.” धाकटाही भिंतीशीच बोलला.

“बाबांची भट्टी परक्याच्या हातात?”

“मी नाही होऊ देणार.”

“मग मी तरी कुठे देतोय?”

तेव्हा कुठे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. थोरल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“चहा घेतोस?” त्याने विचारलं.

पुढच्या तारखेला दोघं एकाच स्कूटरवरून आले. तडजोडीचा मसुदा तयार होता. बेकरी एकच राहील. थोरला भट्टी सांभाळेल, धाकटा दुकान. अक्काचा तिसरा हिस्साही त्यांनी कायद्यापुढे मान तुकवून, ओठ आवळून लिहिला होता. तिच्याशी मात्र दोघंही चकार शब्द बोलले नाहीत.

“विक्रीचा आग्रह आहे का?” न्यायाधीशांनी अक्काला विचारलं.

“नाही. ती मागणी मी सोडते.”

“आणि हिस्सा?”

“तो राहू दे साहेब. हे दोघं पुन्हा भांडले तर मला आत यायला दार हवं.”

न्यायाधीशांनी हसू दाबत सही केली.

थोरल्याने अक्काला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं.

“विकायचीच नव्हती, तर मागणी कशाला केलीस गं? तुला कल्पना नाही, आम्ही दोघं मिळून तुला काय काय बोललोय ते!”

“मिळून बोललात ना?” अक्का म्हणाली. “मग झालं तर.”