बाळ झोपलंय

डॉक्टर कुलथ्यांनी खंड्याच्या गळ्यातल्या, त्याच्या मनातलं माणसाच्या भाषेत सांगणाऱ्या बोलक्या पट्ट्याची महिन्याभराची नोंद पडद्यावर आणली.

“अकरा दिवस हा कुत्रा ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत होता. मग एकदम गप्पच झाला. तुम्ही ऐकलं नाहीत का हो?”

शलाकानं ऐकलं होतं. पट्टा बोलला की पाच महिन्यांची ईरा दचकून उठायची, आणि शलाका खंड्यावर खेकसायची, “गप रे मेल्या, बाळ झोपलंय!” तो बाळाचा हेवा करतोय, असंच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. ‘पट्ट्याची तक्रार लाडिकपणा समजून टाळू नका,’ हा दवाखान्याचा या महिन्याचा सल्लाही तिनं नीट वाचला होता. फक्त तो दुसऱ्यांसाठी असेल असं धरून.

“बोल बाबा, कुठं दुखतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

खंड्यानं शलाकाच्या खांद्यावर झोपलेल्या ईराकडे पाहिलं. पट्ट्यातून आवाज आला नाही.

“पट्टा बिघडला की काय?”

“नाही डॉक्टर, पट्टा ठीक आहे,” शलाका कशीबशी म्हणाली.

घरात चमचा पडला तरी डोळे वटारणाऱ्या शलाकानं ईराला मांडीवर घेतलं आणि तळपायाला गुदगुल्या करकरून जागं केलं. ईरानं भोकाड पसरलं.

“उठली बघ ती,” शलाका खंड्याकडे वाकून म्हणाली. “आता बोल.”

खंड्यानं एकदाच शेपटी हलवली, आणि पट्टा अगदी हळू आवाजात बोलला, “दाढ.”