चार बोटं खाली

परदेशातली वीस वर्षं संपवून तो कायमचा परतला, तो एकटाच. बायको तिकडेच वारली होती. दर सुट्टीत त्याने बॅगा वर ओढायच्या आणि तिने पुढे होऊन दार उघडायचं, असं ठरलेलं. आज अर्धा तास झाला, चावी काही केल्या फिरेना. चावीवाला वैतागला. "काका, कुलूप तोडावंच लागेल." "तोडलंस तर बघ!" आवाज ऐकून शेजारीण बाहेर आली. "अहो भाऊजी, कुलपाशी कुस्ती कसली खेळताय? ताई आधी दाराला गुडघा लावायच्या." "मला कधी बोलली नाही!" "तुम्ही कधी विचारलंत?" चरफडत त्याने गुडघा लावला. दार ढिम्म. तेवढ्यात त्याला गुडघ्याच्या चार बोटं खाली रंग उडालेला गोल डाग दिसला. इतक्या वर्षांत त्याने तो पाहिलाच नव्हता. तो वाकून तिच्याएवढा झाला, गुडघा डागावर टेकला आणि चावी फिरली.