तुमच्याच बाजूला

वस्तीचं सभागृह सासऱ्यांच्या तरुणपणी बांधलेलं. सपाट छत, मोझॅकची फरशी आणि अंगणाकडे भिंतच नाही, जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. ती पुसायचं काम माझ्याकडे आणि नणंदेकडे. मी आतून, वन्सं बाहेरून, एकाच वेळी एकाच तावदानावर फडकं फिरवतो. डाग राहिला की तो कोणाच्या बाजूचा यावर आधी भांडायचं, मग जिचा असेल तिनं पुसायचा.

आज दुपारी मधल्या तावदानावर पंजाचा ठसा राहिला.

"वहिनी, तुमच्या बाजूला आहे!" वन्सं बाहेरून ओरडल्या.

मी घासून पुसला. ठसा तसाच.

"अहो नाही, तुमच्याच बाजूला!"

त्यांनीही घासला. तरी तसाच.

"मग काय काचेच्या पोटात आहे का?" म्हणत त्या हसल्या. मलाही हसू आलं. हात कोणाचा असेल, म्हणून मी सहज माझा पंजा त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं.

काच गार होती. मग ती गार लागेनाशी झाली. हात मागे घ्यायला गेले, तर कोपर आपटलं. माझ्या मागेही काच होती.

मी दोन्ही हातांनी काच बडवत सुटले. वन्सं कपाळाला आठ्या घालून माझ्या तळव्यांवरच फडकं घासत होत्या.

"वहिनी, आता दोन झाले! तुमच्या बाजूला आहेत!"

माझ्या पाठीमागून, सभागृहातून, माझ्याच आवाजात उत्तर आलं, "अहो नाही, तुमच्याच बाजूला!"