पट्टीचं दुसरं टोक

"दाबू नकोस गं, नुसती ओढ," मिस्त्री लेकीला म्हणाला.

दोघांनी लांब पट्टी दोन टोकांना धरली होती. वाळूत ठेवलेल्या दोन पाईपांवरून ती सरकत होती. सरकेल तिथली वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट होत होती. खालचा मुरूम कालच मशीनने ठोकून घट्ट केला होता. आता वर दोन बोटं वाळू, आणि तिच्यावर अंगणात बसवायचे सिमेंटचे ब्लॉक.

दारात, चाकांच्या खुर्चीत, मिस्त्रीची बायको बसली होती. चार महिन्यांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. डॉक्टर म्हणाले होते, शब्द परत येतील, पण तिने बोलायचा प्रयत्न करायला हवा. तिने दोनदा केला. जीभ अडखळली. भेटायला आलेली शेजारीण नकळत हसली. त्या दिवसापासून तिने तोंड उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आजही लेकीने जवळजवळ उचलूनच तिला बाहेर आणलं होतं.

या पट्टीचं दुसरं टोक तीस वर्षं तिच्या हातात होतं. शाळांची पटांगणं, गोदामांची आवारं, बागेतल्या वाटा, सगळं दोघांनी मिळून केलं. ताकद त्याची, नजर तिची. वाळू मुठीत दाबून ती ओल सांगायची. गोळा झाला आणि तळहात कोरडा राहिला, की वाळू जमली. मग एक डोळा मिटून जमिनीलगत वाकायची आणि दिवसभर दोनच शब्द बोलायची, "वर" आणि "खाली". एकदा एका साहेबाचा विश्वास बसेना. त्याने पाण्याची नळी लावून उंचीचं माप काढलं. नळीनेही तिचीच बाजू घेतली. तेव्हापासून ठेकेदार तिला लेव्हलबाई म्हणू लागले.

"दिवसाला दोन शब्द बोलणारी बायको मिळायला नशीब लागतं," जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री तिला चिडवायचा.

"उरलेले घरी बोलते की," ती म्हणायची. आणि खरंच बोलायची. भाजी निवडताना, केस विंचरताना, दिवा मालवल्यावरसुद्धा. मिस्त्री हुंकार भरता भरता झोपी जायचा. या चार महिन्यांत त्याला धड झोप नव्हती.

लोकांची अंगणं सजवताना स्वतःचं मात्र मातीचंच राहिलं होतं. दिव्याखाली अंधार. आता त्या मातीत खुर्चीची चाकं रुतायला लागली, तेव्हा मिस्त्रीने फावडं काढलं.

वाळूचा पहिला पट्टा झाला. ती कुठेतरी भलतीकडेच बघत होती. दुसरा झाला, तेव्हा तिची मान किंचित पुढे आली. तिसऱ्याला तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटू लागला. मिस्त्रीने तिकडे पाहिलं नाही. त्याने पहिला ब्लॉक उचलला आणि दारापाशी बसवला.

"अं," असा आवाज आला.

लेकीने वळून पाहिलं. मिस्त्रीने दुसरा ब्लॉक उचलला.

"पा... पाणी."

लेक बाटली आणायला धावली. आईने बाटली डाव्या हाताने दूर सारली.

"पाणी... घरात येईल!" तिने फाटकाकडे बोट केलं. "तिकडे... वर. इकडे... खाली. डोळे फुटले का?"

शब्द तुटके होते, जीभ जड होती, पण आवाज थेट कामावरचा. लेक बाटली घेऊन तिथेच मटकन बसली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"मला काही समजत नाही बुवा," मिस्त्री म्हणाला. "किती वर आहे?"

"दीड... बोट."

सगळी वाळू उकरावी लागली. लेकीने खुर्ची कडेपर्यंत ढकलली. आईने एक डोळा मिटला. "वर... खाली... अजून... बास." उन्हं कलेपर्यंत हेच चाललं. मधे तिने चहा मागितला, आणि पाणचट झालाय हेही सांगितलं. संध्याकाळी निम्म्या अंगणात ब्लॉक बसले होते आणि ती खुर्चीतच, दमून, गाढ झोपली होती.

नळावर हात धुताना लेक हळूच म्हणाली, "बाबा, काल तुम्ही नळी लावून माप घेतलं होतं ना? मग एवढा उतार उलटा कसा गेला?"

मिस्त्रीने आधी खुर्चीकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "आपोआप नाही गेला. तू उठायच्या आधी फाटकाकडच्या टोकाला दोन्ही पाईपांखाली खडे घालून ठेवले होते."